भिंत, कुंपण आणि आखणी

प्रश्न असा आला आहे: ‘इस्रायलने वेस्ट बँकेत (१९६७पासून त्याने व्यापलेल्या पॅलेस्टिनी भागात) उभारलेल्या “सेपरेशन बॅरिअर”ला मराठीत विभाजक भिंत म्हणावं, सुरक्षा कुंपण म्हणावं की आणखी काही? आणि “भिंतीच्या मार्गावरून राजकीय वाद” हे शीर्षक मला खटकतंय, पण का ते सांगता येत नाही.’

दुसरा भाग आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलेलं आहे. मार्गावरून माणसं जातात, गाड्या जातात, मिरवणुका जातात. ‘भिंतीच्या मार्गावरून वाद’ म्हटलं की भिंतीकडे जाणाऱ्या एखाद्या रस्त्याचं भांडण असावं असं वाटतं. इथे हवा असलेला शब्द आपण रोज वापरतो: आखणी. महामार्गाची आखणी, कालव्याची आखणी. जमीन जाणारा शेतकरी ‘आखणी बदला’ असंच म्हणतो. शिवाय आखणी आपोआप होत नाही, ती कुणीतरी करतं. इस्रायलमधला सगळा वाद नेमका तिथेच आहे, की रेघ कुणी, कुठून आणि कशासाठी ओढली. तेव्हा ‘आखणीवरून वाद’.

आता भिंत की कुंपण. हा घोळ मराठीचा नाही, तो मुळापासूनचा आहे. हिब्रूत सरकारी भाषेत ‘गेदेर बिताहोन’, म्हणजे सुरक्षा कुंपण; लोकांच्या तोंडी ‘गेदेर हाफ्रादा’, म्हणजे विभक्त करणारं कुंपण. पॅलेस्टिनी अरबीत ‘जिदार अल-फस्ल अल-उन्सुरी’, वांशिक विभाजनाची भिंत. गंमत अशी की हिब्रू ‘गेदेर’ आणि अरबी ‘जिदार’ हे एकाच सेमिटिक धातूतून आलेले सख्खे शब्द. एका घरात त्याचं कुंपण झालं, दुसऱ्या घरात भिंत. हिब्रूत तटाच्या भिंतीला ‘होमा’ म्हणतात, आणि २००२च्या वसंतात इस्रायलने वेस्ट बँकेत केलेल्या लष्करी मोहिमेचं नावच ‘होमत मागेन’ होतं, म्हणजे संरक्षक तट. मोहिमेला तट म्हणायचं आणि लगेच त्यानंतर बांधायला घेतलेल्या रचनेला कुंपण, हे मला तरी सहज घडलेलं वाटत नाही.

इंग्रजीतही तेच. जुलै २००३मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश पॅलेस्टिनी पंतप्रधान महमूद अब्बास शेजारी असताना ‘वॉल’ म्हणाले, आणि चार दिवसांनी इस्रायलचे पंतप्रधान एरियल शेरॉन शेजारी उभे असताना ‘फेन्स’. बीबीसीने आपल्या बातमीदारांसाठी ‘बॅरिअर’ हा मधला शब्द ठरवला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ‘वॉल’ धरला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २००४च्या सल्लागारी मतात तोच चालू ठेवला, पण एक प्रामाणिक खुलासा जोडून: ही रचना गुंतागुंतीची आहे, ‘भिंत’ हा शब्द तिला अक्षरशः लागू होत नाही, पण अक्षरशः पाहिलं तर ‘कुंपण’ आणि ‘बॅरिअर’ही काही अधिक अचूक नाहीत.

प्रत्यक्षात उभं काय आहे? लांबीने पाहिलं तर बहुतेक भाग तारांचाच. मध्ये संवेदक लावलेली जाळी, तिच्या बाजूने खंदक, गस्तीचा रस्ता, पावलांचे ठसे दिसावेत म्हणून राखलेला मऊ मातीचा पट्टा, दोन्हीकडे काटेरी तारांची वेटोळी. या सगळ्याची रुंदी साधारण पन्नास-साठ मीटर. शहरी वस्तीपाशी मात्र, कलकिल्या, बेथलेहेम, जेरुसलेमला लागून असलेलं अबू दीस अशा ठिकाणी, आठ मीटरपर्यंत उंचीची काँक्रीटची भिंत. छायाचित्रांत तीच येते, त्यामुळे जगाच्या डोळ्यांपुढे भिंत असते. इस्रायली प्रवक्ते दर वेळी सांगतात की भिंतीचा भाग जेमतेम काही टक्के आहे. ते खरंच आहे. पण मराठीपुरतं बोलायचं तर या युक्तिवादाने काही सिद्ध होत नाही, आणि आपल्याला खरी वाट इथे सापडते.

कारण मराठीत कुंपण आणि भिंत यांतला फरक मालाचा नाही. कुंपण तारेचं असतं, निवडुंगाचं असतं, घायपाताचं असतं, आणि दगडविटांचंही असतं. सोसायटीच्या विटांच्या कंपाउंडला आपण सरळ ‘कुंपणभिंत’ म्हणतो. मग कुंपण कशामुळे कुंपण होतं? ते आपल्या जमिनीच्या हद्दीवर असतं म्हणून. कुंपण म्हटलं की आतलं ते माझं, हे बोलणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. भिंतीत असा मालकीहक्क नाही. भिंत कुठेही उभी राहते, घरात राहते, दोन भावांत राहते. ‘कुंपण घातलं’ आणि ‘भिंत घातली’ या दोन वाक्यांपैकी दुसऱ्यातच तक्रारीचा सूर सहज येतो.

हे एकदा ध्यानात आलं की शब्दाचा निवाडा आखणीवर जाऊन ठेपतो. इस्रायल आणि वेस्ट बँक यांच्यामधल्या १९४९च्या युद्धबंदी रेषेला, नकाशावर हिरव्या रंगात काढलेली म्हणून, हरितरेषा म्हणतात. ती साधारण ३२० किलोमीटर. नियोजित बॅरिअर सातशे किलोमीटरांहून अधिक. लांबी दुपटीहून जास्त कशी झाली? रेघ वळणं घेत वेस्ट बँकेत शिरते म्हणून. तिचा सुमारे ८५ टक्के भाग हरितरेषेच्या आत, पॅलेस्टिनी बाजूला आहे. रचना पूर्णपणे हरितरेषेवर असती तर तिला कुंपण म्हणायला कुणाचीच फारशी हरकत नसती.

आणि मजेशीर भाग असा की सुरुवातीला इस्रायली उजव्यांनाच ही कल्पना नको होती. दुसऱ्या इंतिफादात, म्हणजे २०००मध्ये सुरू झालेल्या पॅलेस्टिनी उठावात, बसमध्ये, हॉटेलांत, बाजारांत आत्मघाती स्फोट होऊ लागले. मार्च २००२मध्ये नेतान्याच्या पार्क हॉटेलात वल्हांडण या ज्यू सणाच्या मेजवानीत ३० जण मारले गेले. कुंपणाची मागणी मजूर पक्षाकडून आणि सामान्य लोकांकडून जोरात आली. शेरॉन मात्र बराच काळ टाळत होते, कारण कुंपण म्हणजे सीमा, आणि सीमा म्हणजे तिच्या पलीकडे, वेस्ट बँकेत वसवलेल्या इस्रायली वसाहती सुटल्या. मंत्रिमंडळाची मंजुरी जून २००२मध्ये मिळाली, आणि मग तोड निघाली ती आखणीतून: रेघच अशी वळवायची की मोठ्या वसाहती अलीकडे याव्यात. हरितरेषेपासून वीसेक किलोमीटर आत असलेली एरियल वसाहत कवेत घेण्यासाठी नकाशावर हाताच्या बोटासारखं जे टोक काढलं गेलं, त्याला अमेरिकेचाही आक्षेप होता. स्फोट कमी झाले, हे इस्रायलचं सर्वांत बळकट म्हणणं, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. टीकाकार विचारतात ते एवढंच की त्यासाठी हीच आखणी का.

हा प्रश्न इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयातही गेला. बेत सुरिक या पॅलेस्टिनी गावाच्या खटल्यात, ३० जून २००४च्या निकालात, सरन्यायाधीश आहरोन बराक यांच्या पीठाने कुंपण बेकायदा ठरवलं नाही. लष्करी अधिकाऱ्याला सुरक्षेसाठी ते घालता येईल, राजकीय हेतूने नाही, असं तत्त्व मांडून वादातल्या सुमारे चाळीसपैकी तीस किलोमीटरांची आखणी रद्द केली, कारण गावकऱ्यांचं नुकसान प्रमाणाबाहेर होतं. त्या खटल्यात निवृत्त इस्रायली सेनाधिकाऱ्यांच्या एका मंडळाने लष्कराच्या विरोधात पर्यायी आखणी मांडली होती. २००७मध्ये बिलईन गावाच्या बाबतीत न्यायालयाला दिसलं की तिथली रेघ मोदीईन इलित वसाहतीच्या पुढच्या विस्ताराला जागा राहावी म्हणून वळवली आहे. प्रत्यक्षात ती सरकायला २०११ उजाडलं. या खटल्यांत सरकारची भूमिका रचना तात्पुरती आहे अशी असे; २००५च्या अखेरीस मात्र न्यायमंत्री त्झिपी लिव्नी यांनीच म्हटलं की तिचा भावी सीमेवर परिणाम होणार. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १४ विरुद्ध १ मतांनी जी बेकायदा ठरवली, तीसुद्धा व्याप्त प्रदेशात शिरलेली रचना. निवडलेली रेघ सुरक्षेसाठी आवश्यक होती, हे त्याला पटलं नाही.

कुणी म्हणेल, भारत-बांगलादेश सीमेवर आपण बिनदिक्कत कुंपण म्हणतो, मग इथे का नाही? तिथे ते भारतीय हद्दीत, १९७५च्या उभयपक्षी ठरावाप्रमाणे शून्यरेषेपासून १५० यार्ड आत घातलेलं आहे. त्यामुळे भारतीय शेतकऱ्यांचीच शेतं पलीकडे राहतात आणि फाटक उघडण्याची वाट पाहावी लागते. गैरसोय तीच, पण जमीन घालणाऱ्याची आहे. म्हणून शब्द बसतो. वेस्ट बँकेतल्या ऑलिव्हच्या बागांपाशीही फाटकं आहेत, परवाने आहेत, वेळा आहेत. तिथे मात्र ‘कुंपणानेच शेत खाल्लं’ ही म्हण अक्षरशः घ्यावी लागते.

तर माझा सल्ला. एखाद्या विशिष्ट जागेचं वर्णन असेल तर डोळ्यांना दिसेल ते लिहा: जाळी असेल तिथे तारेचं कुंपण, काँक्रीट असेल तिथे भिंत. संपूर्ण रचनेसाठी मी ‘विभाजक भिंत’ वापरीन. ‘सुरक्षा कुंपण’ आणि ‘वांशिक विभाजनाची भिंत’ हे शब्द अवतरणात, कुणाचे ते सांगून. ‘अडथळा’ नको, तो शर्यतीतला वाटतो. ‘तटबंदी’ भारदस्त आहे, पण ती आतल्यांची बाजू घेते. ‘बॅरिअर’ तसाच ठेवलात तरी वाचकाला कळेल, फक्त मग निवाडा टाळल्यासारखं होतं.

जाता जाता दोन गोष्टी. वेस्ट बँकचं ‘पश्चिम किनारा’ करू नका, वाचक थेट रत्नागिरीला पोचतो. बँक जॉर्डन नदीची आहे, तेव्हा ‘पश्चिम तीर’ किंवा सरळ वेस्ट बँक. आणि भिंत व हरितरेषा यांच्यामधल्या जमिनीला हिब्रूत ‘मेर्हाव हातेफेर’ म्हणतात. तेफेर म्हणजे शिवण. कुणी त्याचं ‘शिवेचा पट्टा’ केलेलं दिसलं तर दुरुस्त करा. शीव ही हद्द, शिवण म्हणजे टाका. त्या भागात राहणाऱ्या पॅलेस्टिनींना स्वतःच्या घरात राहायला परवाना लागतो, म्हणून ‘शिवणपट्टा’ असं भाषांतर करून पुढे कंसात एक वाक्य खुलासा द्यावा लागेलच.