कूट म्हण: काना-मात्रा बदलायच्या का?

विचारणा अशी आहे: म्हणीतल्या अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं घालून केलेल्या कोड्याला मराठीत काय म्हणावं, आणि त्यात काना-मात्रांचं काय करावं?

नावाचं आधी उरकतो. कूटप्रश्न, कूटश्लोक आपल्याकडे रुळलेले आहेतच, तेव्हा 'कूट म्हण' चालेल. 'अंकपल्लवी' नको, तिथे अक्षराऐवजी आकडे येतात. अक्षराला अक्षर ही युक्ती मात्र जुनीच. महानुभावांची सकळ लिपी याच तत्त्वावरची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी तिचा उलगडा करेपर्यंत पंथाबाहेरच्यांना त्या पोथ्या बंदच होत्या.

काना-मात्रांबद्दल माझं मत पक्कं आहे: फक्त व्यंजनं बदला. स्वर, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरांची घडण जशीच्या तशी ठेवा. म्हण जेमतेम चार शब्दांची. सगळंच बदललं तर धरायला काही उरत नाही, कुठलं अक्षर जास्त वेळा आलं हे मोजूनही उपयोग नाही.

हे बघा: 'उमद जाग्वाना टदटदाच बास.'

दुसऱ्या शब्दाची शेपटी पाहा. जोडाक्षर, त्याला काना, पुढे आणखी एक कानावालं अक्षर. मराठीत हे बहुतेक '-्याला' किंवा '-्याचा'. म्हणजे व हा य असणार. आता तिसरा शब्द. पहिली दोन अक्षरं लगेच पुन्हा आलीत, मग काना आणि एक अक्षर. गडगडाट, कडकडाट, खळखळाट, थयथयाट ही सगळी पिलावळ. थयथयाट बाद, य आधीच खर्ची पडलाय. यातला द पहिल्या शब्दाच्या शेवटीही आहे. तो ड मानला तर 'उघड' मिळतो आणि माणूस तिथेच अडकतो, कारण गडगडाटाची अशी म्हणच आठवत नाही ('गर्जेल तो पडेल काय' आठवते, पण ती वेगळी). ळ घेतला की 'उथळ' आणि 'खळखळाट' एकदमच उभे राहतात. पुढचं पाणी आपोआप वाहतं.

रचणाऱ्याने एक पथ्य पाळावं: म्हणीचं सर्वांत चालतं रूप घ्यावं. कोड्यात 'वाकडं' आणि सोडवणाऱ्याच्या डोक्यात 'वाकडे' असेल, तर ज्या मात्रांनी वाट दाखवायची त्याच चकवतात. क्ष आणि ज्ञ हीसुद्धा जोडाक्षरंच धरावीत, क् आणि ष, ज् आणि ञ अशी फोडून.