नेपाळच्या १९९० च्या संविधानाने राजाला घटनात्मक केलं होतं, मग २००२ मध्ये त्याने पंतप्रधानाला घरी कसं पाठवलं?

एका कलमाच्या जोरावर. कलम १२७. नेपाळी प्रतीत त्याचं शीर्षक आहे 'बाधा अड्काउ फुकाउने अधिकार'. बाधा, अडकाव… शब्दकोश उघडायलाच नको. संविधान राबवताना अडचण आली तर राजाने आदेश काढून ती दूर करावी आणि तो आदेश संसदेपुढे ठेवावा, इतकंच त्यात आहे.

कायदा शिकत असताना हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आपल्याकडेही कलम ३९२ आहेच की! पण आपल्या कलमाला मुदत आहे: नवी संसद पहिल्यांदा भरली की राष्ट्रपतींचा तो अधिकार संपला. नेपाळच्या कलमाला मुदतच नव्हती.

बरं, लिहिणारे काही भोळे नव्हते. १९६० साली राजा महेंद्रांनी आणीबाणीचा अधिकार वापरून बी. पी. कोइरालांचं निवडून आलेलं सरकार मोडलं आणि त्यांना तुरुंगात टाकलं. पुढे तीस वर्षं पंचायत राजवट, म्हणजे सत्ता राजाच्या हाती आणि पक्षांना बंदी. १९९० च्या जनआंदोलनात गोळीबार झाला, माणसं मेली, तेव्हा कुठे ८ एप्रिलच्या रात्री राजा वीरेंद्रांनी पक्षांवरची बंदी उठवली. न्यायमूर्ती विश्वनाथ उपाध्याय यांच्या आयोगाने मसुदा केला आणि ९ नोव्हेंबरला संविधान जारी झालं. सार्वभौमत्व जनतेकडे आलं. पण सरकारचं नाव 'श्री ५ को सरकार', म्हणजे महाराजांचं सरकार, असंच राहिलं, सैन्याचे सर्वोच्च सेनापतीही राजेच.

आता २००२. माओवाद्यांचं युद्ध पेटलेलं. पंतप्रधान शेरबहादुर देउबांनी मे महिन्यात स्वतःच प्रतिनिधी सभा विसर्जित करायला लावली. नोव्हेंबरची निवडणूक घेणं जमेना, म्हणून पुढे ढकलायची शिफारस घेऊन ते राजा ज्ञानेंद्रांकडे गेले. आयतं कोलीतच दिलं म्हणा ना. ४ ऑक्टोबरला राजाने त्यांना 'अक्षम' ठरवून काढलं आणि निवडणूकही पुढे ढकलली. आदेश संसदेपुढे ठेवायचा खरा, पण ज्या सभेत लोकांनी निवडून दिलेली माणसं बसायची तीच शिल्लक नव्हती. माझ्या मते दोष निम्मा राजाचा, निम्मा पक्षांचा. दार आतून उघडं ठेवलं होतं.

पुढचं तुम्हाला माहीत असेल: २००५ च्या फेब्रुवारीत राजाने सगळीच सत्ता हाती घेतली, २००६ च्या एप्रिलमध्ये लोक रस्त्यावर उतरले, २८ मे २००८ ला राजेशाही गेली.

ते कलम मात्र गेलं नाही. २००७ च्या अंतरिम संविधानात ते १५८ क्रमांकाने आलं, फक्त अधिकार मंत्रिमंडळाच्या शिफारशीला बांधला. २०१३ मध्ये पुन्हा संसद नव्हती, तेव्हा याच कलमाखाली आदेश काढून सरन्यायाधीश खिलराज रेग्मींना निवडणूक सरकारचं प्रमुख केलं गेलं.