'बेघर' कोण, आणि त्यांची मोजणी, गणना की शिरगणती?

प्रश्न थोडक्यात असा: एका मध्यम आकाराच्या शहरात एक संस्था नगरपरिषदेच्या मदतीनं एका रात्रीत बेघरांची संख्या काढणार आहे. स्वयंसेवकांसाठीचं माहितीपत्रक एका अमेरिकन नमुन्यावरून मराठीत करायचं आहे. बेघर, निराधार, निराश्रित, निवाराहीन यांतला कोणता शब्द घ्यावा? जनगणना, शिरगणती, मोजणी, सर्वेक्षण यांत काय फरक? 'पॉइंट-इन-टाइम काउंट'ला, म्हणजे ठरवलेल्या एकाच रात्री केलेल्या गणतीला, काय म्हणावं? आणि 'बेघर' म्हणणं अपमानकारक आहे का?

आधी उत्तर, मग कारणं. कागदावर 'बेघर' आणि 'गणना' हे शब्द घ्या. रस्त्यावर माणसाशी बोलताना दोन्ही टाळा.

'बेघर' हा अर्धा फारसी, अर्धा देशी शब्द. 'बे' हा फारसी उपसर्ग आणि 'घर' आपलं, प्राकृतातून आलेलं. बेकार, बेनाम यांच्याच रांगेतला, अगदी रुळलेला. अडचण अर्थाची आहे, कारण मराठीत त्याचे निदान तीन अर्थ चालतात. गावाकडे 'बेघर' म्हणजे ज्याची स्वतःची जागा नाही तो. कित्येक गावांत 'बेघर वसाहत' किंवा 'बेघर वस्ती' असते आणि तिथे पक्की घरं, दारात मोटारसायकली दिसतात. एके काळी बेघरांना दिलेल्या भूखंडांवर ती उभी राहिली आणि नाव चिकटलं ते चिकटलं. घरकुल योजनेच्या बोलण्यातही 'बेघर' याच अर्थानं येतो. भाड्यानं किंवा भावाच्या घरात राहणाराही स्वतःला बेघर म्हणवतो, आणि त्याच्या बाजूनं ते खरंच असतं. दुसरा अर्थ वर्तमानपत्री: आगीत, पुरात, भूकंपात कुटुंबं 'बेघर झाली'. इथे 'होणे' हे क्रियापद महत्त्वाचं, आधी घर होतं ते गेलं. ही माणसं गणनेच्या रात्री बहुधा शाळेत किंवा नातेवाइकांकडे असतात. तिसरा अर्थ गणनेचा: आज रात्री जो उघड्यावर झोपला आहे तो.

भारताच्या जनगणनेनं हा तिसरा अर्थ नेमका बांधून दिला आहे. जे कुटुंब इमारतीत किंवा 'जनगणना घरा'त राहत नाही, तर उघड्यावर, रस्त्याकडेला, फुटपाथवर, ह्यूम पाइपात, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, मंडपात, रेल्वे फलाटावर राहतं, ते बेघर कुटुंब. जनगणना घर म्हणजे रस्त्यावरून किंवा सामाईक अंगणातून स्वतंत्र मुख्य दार असलेली वास्तू किंवा तिचा भाग. म्हणजे कुडाची झोपडीही घरच; तिथले लोक गरीब असतील, बेघर नाहीत. 2011 मध्ये या व्याख्येनं देशात सुमारे 17.73 लाख माणसं बेघर मोजली गेली, महाराष्ट्रात सुमारे 2.1 लाख. तुमच्या पत्रकात दुसरी व्याख्या असेल तर तुमचा आकडा या आकड्यांशेजारी मांडता येणार नाही.

बाकीचे पर्याय का नकोत? 'निराधार' हा शब्द संजय गांधी निराधार अनुदान योजनेनं आधीच घेतला आहे. त्यात विधवा, अपंग, अनाथ येतात आणि त्यांतल्या अनेकांना घर असतं. 'निराश्रित' म्हणजे ज्याला सांभाळणारं माणूस नाही असा. फुटपाथवर नवरा-बायको, तीन पोरं, आजी राहतात, दोघं कमावतात, एकमेकांना सांभाळतात. त्यांना निराश्रित म्हणणं चूक आहे. 'अनिकेत' हा शब्द शब्दशः तोच अर्थ देतो, पण गीतेच्या बाराव्या अध्यायात तो भक्ताचा गुण म्हणून आला आणि आता मुलाचं नाव झालाय. नगरपालिकेच्या तक्त्यात त्याला बसवू नका.

'निवाराहीन' मात्र फेकू नका, तो वेगळ्या कामाला येतो. निवारा म्हणजे ऊन, वारा, पाऊस अडवणारी जागा. पालिकेच्या निवारा केंद्रात झोपलेला माणूस बेघर आहे, पण निवाराहीन नाही. अमेरिकन नमुन्यात हे दोन गट ('शेल्टर्ड' आणि 'अनशेल्टर्ड') वेगळे मोजतात आणि तुमच्या माहितीपत्रकात ते दोन्ही शब्द असणारच. मराठीत 'निवाऱ्यातले बेघर' आणि 'उघड्यावरचे बेघर' अशी जोडी करा. पहिल्या गटासाठी त्याच रात्रीचा केंद्राचा हजेरीपट पुरतो. चालावं लागतं ते दुसऱ्यासाठी. हा भेद नुसता शब्दांचा नाही. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या (त्याची मुदत 2024 मध्ये संपली) निकषानुसार शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे निदान शंभर माणसांची कायमस्वरूपी निवाऱ्याची सोय आणि माणशी 50 चौरस फूट जागा हवी होती. दोन्ही गट एकाच रकान्यात गेले तर किती खाटा कमी पडतात ते कळणारच नाही.

आता मोजण्याच्या शब्दांकडे. जुन्या मराठीत जनगणनेला 'खानेसुमारी' म्हणत. फारसीत खाना म्हणजे घर आणि शुमार म्हणजे गणती. म्हणजे ही मुळात घरांची गणती. 'बेघरांची खानेसुमारी' म्हटलं की शब्दच हात वर करतो. गंमत सोडा, पण अडचण खरी आहे: जनगणनेचा प्रगणक घरक्रमांकांच्या यादीवरून चालतो आणि यादीत नसलेल्यांसाठी वेगळी रात्र ठेवावी लागते. 2011 मध्ये ती 28 फेब्रुवारीची रात्र होती, कारण संदर्भवेळ 1 मार्चच्या 00:00 ची होती.

'जनगणना' हा शब्द तुम्ही वापरू नका. ती 1948 च्या जनगणना अधिनियमाखाली केंद्र सरकार करतं आणि त्यात दिलेली माहिती त्याच कायद्यानं गुप्त राहते. तुमच्या संस्थेच्या कागदाला तसं संरक्षण नाही. 'आम्ही जनगणनेवाले' असं सांगून माहिती घेणं म्हणजे फसवणूकच. याच कारणानं पूर्ण नाव आणि आधार क्रमांक विचारू नका.

'मोजणी' आपल्याकडे जमिनीची असते. भूमी अभिलेखवाले येतात, हद्दी ठरतात आणि मग कुणाचं तरी अतिक्रमण निघतं. पुलाखाली 'मोजणीवाले आलेत' अशी हाक गेली की निम्मी माणसं गाठोडं उचलतात. 'सर्व्हे' किंवा 'सर्वेक्षण' याचा परिणाम नेमका उलटा. झोपडपट्टीत सर्व्हे म्हणजे पुनर्वसनाची पात्रता, 1 जानेवारी 2000 पूर्वीचा पुरावा, पुढे मिळणारी खोली. तो शब्द ऐकून शेजारच्या वस्तीतली माणसं पथारी टाकायला येतात आणि आकडा फुगतो. 'नोंदणी'नंही तेच होतं. नोंदणी म्हटलं की लोक पावती मागतात. आणि 'पकडायला आलेत' ही भीती सगळ्या शब्दांच्या खाली असतेच, कारण भीक मागण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1959 च्या कायद्याखालच्या धरपकडी या लोकांनी पाहिल्या आहेत.

'शिरगणती' हा चांगला शब्द, आणि त्याला नेमकं काम द्या. माणूस झोपलेला आहे, त्याला उठवायचं नाही, फक्त डोकं मोजायचं: ती शिरगणती. जागा आहे, बोलायला तयार आहे, त्याला पाच-सहा प्रश्न विचारले: ती मुलाखत. दोन्ही मिळून गणना. पत्रकात हे तीन शब्द तीन अर्थांनी ठेवलेत तर स्वयंसेवकांचा गोंधळ होणार नाही. शिरगणतीच्या कागदावर पुरुष, स्त्री, तृतीयपंथी यांच्याबरोबर 'कळले नाही' हा रकाना हवाच. तो नसला की लोक अंदाज ठोकतात आणि पांघरुणातली प्रत्येक आकृती पुरुष होते. एका गोधडीखाली किती जण हे दिसत नसेल तर जेवढी खात्रीनं दिसतात तेवढी लिहा आणि शेजारी 'अधिक असू शकतील' अशी खूण करा. गोधडी उचलू नका, तोंडावर बॅटरी मारू नका, फोटो काढू नका.

'पॉइंट-इन-टाइम काउंट'ला 'बिंदुकालीन गणना' असं कुणीतरी सुचवेल, नको. 'एकरात्र गणना' म्हणा. संस्कृत समासात शेवटच्या 'रात्रि'चं 'रात्र' होतं (अहोरात्र, नवरात्र), तेव्हा व्याकरणाचीही हरकत नाही, आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं. अमेरिकेत ही रात्र जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांतली असते, कारण थंडीत माणसं निवाऱ्यात येतात आणि मोजायला सोपी जातात. ती तारीख जशीच्या तशी उचलू नका. आपल्याकडे पाऊस, यात्रा, उत्सव आणि ऊसतोडणीचा हंगाम पाहून रात्र ठरवावी. पंढरपुरात आषाढीच्या आसपास उघड्यावर झोपलेल्यांत वारकरी किती आणि बेघर किती हे कुणाच्या बापाला सांगता येणार नाही.

वेळ रात्री 11 ते पहाटे 4 ठेवा. त्याआधी दुकानांची शटर खाली आलेली नसतात आणि ओट्यावर झोपणारा आलेला नसतो; पाचनंतर मजूर नाक्याकडे निघतात. एकाच रात्री सगळ्या विभागांत एकदम चाला. दोन रात्रींत वाटून घेतलं की पहिल्या रात्री स्टेशनवर मोजलेला माणूस दुसऱ्या रात्री बाजारात पुन्हा भेटतो. रस्ता दोन विभागांच्या हद्दीवर असेल तर कोणता फुटपाथ कोणाचा ते नकाशावर आधी लिहा. आणि रिकामा विभाग असेल तर कागदावर शून्य लिहून तो परत द्या. कोऱ्या कागदावरून कुणी तिथे गेलं होतं की नाही हे कळत नाही.

दुबार नोंद पकडायला नावाऐवजी संकेत करतात: नावाचं पहिलं अक्षर, अंदाजे वय, मूळ तालुक्याचं पहिलं अक्षर. इथे मराठीचा खास खोडा आहे. माणूस 'इठ्ठल' सांगतो. एक स्वयंसेवक 'इ' लिहितो, दुसरा सुशिक्षितपणे सुधारून 'वि' लिहितो. ग्यानबाचा 'ज्ञ' होतो. नियम करा: कानावर पडलं तसंच लिहायचं, शुद्ध करायचं नाही, आणि काना-मात्रा-वेलांटी वगळून मूळ व्यंजन घ्यायचं; स्वर असेल तर स्वर.

प्रश्नांच्या शब्दांवर मात्र खरी मेहनत घ्या. 'तुम्ही बेघर आहात का?' हा प्रश्न काढून टाका. वर दिलेल्या तीन अर्थांमुळे त्याचं उत्तर निरुपयोगी आहे, शिवाय तो लागतो. 'घर कुठे आहे?' यावरही सांगोला, कलबुर्गी, दरभंगा असं गावाचं नाव येतं आणि माणूस घरवाला ठरतो. विचारायचं ते असं: 'दादा, आज रात्री मुक्काम इथेच का?' मग 'काल रात्री कुठे झोपला होतात?' आणि 'पाऊस आला तर कुठे जाता?' 'मुक्काम' शब्द यात फार उपयोगी, त्यात घर असल्या-नसल्याचा निवाडा नाही. 'पथारी' लेखी कागदावर नको, कारण पुण्याकडे पथारीवाला म्हणजे रस्त्यावरचा विक्रेता. 'पदपथ'ही नको, बोलताना सगळे फुटपाथच म्हणतात. वयस्क बाईला 'मावशी' किंवा 'आजी', पुरुषाला 'दादा' किंवा 'काका', सगळ्यांना अहो-जाहो. गरीब दिसला की आपोआप 'अरे-तुरे' निघतं, ते सरावाच्या वेळीच मोडून काढा. एकट्या मुलाला प्रश्न विचारू नका. नोंद करा आणि 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला कळवा.

कुटुंब किती, हे चुलीवरून ठरतं. जनगणनेतही कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकात जेवणारे. तीन दगडांची चूल असली तरी चूल ती चूल, म्हणून 'जेवण एकत्र का?' असं विचारावं.

सीमेवरच्या माणसांसाठी आधीच संकेताक्षरं ठरवा, नाहीतर प्रत्येक जोडी आपापला न्याय करते. परळच्या टाटा रुग्णालयाभोवती फुटपाथवर राहणारे रुग्णांचे नातेवाईक गावी घरवाले असतात, पण महिनोन्‌महिने उघड्यावर असतात. त्यांचा रकाना वेगळा ठेवा. एसटी स्टँडवर 'कुठली गाडी धरायचीय?' हा प्रश्न प्रवासी आणि मुक्कामी वेगळे करतो. रिक्षात झोपलेला चालक, एटीएमचा रखवालदार हे कामावरचे आहेत का ते विचारूनच ठरवा. हॉटेलात टेबलांवर झोपणारी पोरं इमारतीच्या आत असल्यानं तुमच्या आकड्यात येणार नाहीत. हे मला खटकतं, पण व्याख्या पाळायची तर पूर्ण पाळावी, आणि ती पोरं सुटली हे अहवालात लिहावं.

अहवालाच्या भाषेत एक क्रियापद जपा. 'शहरात इतके बेघर आहेत' असं लिहू नका. 'त्या रात्री इतके आढळले' असं लिहा. झाडामागे, बंद इमारतीच्या गच्चीवर, भीतीनं लपलेल्या बायका एका रात्रीत दिसत नाहीत, तेव्हा आकडा 'किमान' असतो. वर्षभरात कधी ना कधी रस्त्यावर आलेल्यांची संख्या याहून मोठी असते आणि ती एकरात्र गणनेतून निघत नाही. कांबळी वाटायची असतील तर दुसऱ्या दिवशी वाटा. गणनेच्या रात्री गाडी आली की गर्दी तिच्यामागे फिरते.

राहिला अपमानाचा प्रश्न. इंग्रजीत हल्ली माणूस आधी आणि अवस्था मागाहून अशी रचना करतात. त्याचं 'बेघरपणा अनुभवणाऱ्या व्यक्ती' असं मराठी होतं आणि ते कुणी बोलत नाही. मराठीत विशेषण नामाआधीच येतं, तेव्हा 'बेघर माणसं', 'बेघर कुटुंबं' एवढं पुरेसं आहे. विशेषण अविकारी आहे: बेघर बाई, बेघर मुलगा, बेघर पोरं. टाळायचं ते नुसतं 'बेघर' हे नाम मथळ्यात 'बेघरांचा उपद्रव', 'बेघरांचा विळखा' अशा शब्दांशेजारी ठेवणं. आणि 'भिकारी' हा शब्द पत्रकात कुठेही नको; रस्त्यावर राहणाऱ्यांत हमाल, कचरावेचक, केटरिंगचे वाढपी, बिगारी असे कष्टकरी बरेच असतात, आणि तसं कुणी म्हटलं की पुढच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.