आजोबांची ट्रंक उघडल्यावर

प्रश्न : आजोबा सैन्यातून निवृत्त झाले होते, अलीकडेच ते गेले. त्यांच्या ट्रंकेत काळी पडलेली चार पदके, लोकरी कोट, पत्रांचा गठ्ठा आणि चिकट पानांचा अल्बम निघाला. त्यांच्या आयुष्यावर छोटी पुस्तिका करायची आहे. आधी पदके घासून लखलखीत करावीत का?

उत्तर : नाही. पदक हातात घ्या आणि त्याची कड तिरप्या उजेडात फिरवून पाहा. अनेक देशांच्या सैन्यांत तिथे सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. पॉलिश किंवा टूथपेस्टने घासले की दरवेळी धातूचा पातळ थर निघतो आणि सर्वांत आधी ही अक्षरे झिजतात. तो काळपटपणा म्हणजे चांदीवर गंधकाने धरलेला थर. त्याने पदक खराब होत नाही. मऊ, कोरड्या सुती कापडाने धूळ टिपा, तेवढे पुरे. फीत धुऊ नका, रंग एकमेकांत उतरतात. ठेवायला आम्लमुक्त कागद आणि पुठ्ठ्याचा डबा घ्या. पीव्हीसीची पाकिटे टाळा, त्यातून निघणाऱ्या आम्लाने तांबे-पितळ हिरवे पडते. लोकरीचे अस्तरही नको, कारण लोकरीतच गंधक असते.

कोटाला कसर लागली आहे का, हे कॉलरच्या आत आणि काखेत बघा. घामाचे डाग असलेली लोकर अळ्यांना जास्त आवडते. भोके दिसली तर कोट प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर गार लोकरीवर दव धरते. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका. (ट्रंकेत जुने काडतूस निघाले तर मात्र हात न लावता पोलिसांना कळवा.)

पत्रांची रबरबँड आणि टाचण्या काढा, घड्या सपाट करा. लॅमिनेशन नको आणि सेलोटेप तर अजिबात नको. तिचा चिकटा पुढे पिवळा पडतो आणि कागदात मुरतो. अल्बममधले फोटो ओढून काढू नका. आधी आहेत तसेच ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, मग दात साफ करायचा बारीक दोरा (डेंटल फ्लॉस) फोटोच्या मागून हळूच सरकवा. मागचा मजकूरही स्कॅन करायचा. नवी नोंद करायची तर मऊ पेन्सिलीने.

प्रश्न : बऱ्याच फोटोंवर तारीख नाही. घरातले म्हणतात, ‘चारही पदके शौर्याची आहेत.’ खरे मानावे का?

उत्तर : कागदी पुरावा मिळाल्याशिवाय तसे लिहू नका. पदके अनेक प्रकारची असतात : ठरावीक मोहिमेत वा प्रदेशात सेवा केल्याची, दीर्घ सेवेची, एखाद्या राष्ट्रीय प्रसंगाची. शौर्यपदकाची नोंद सहसा सेवापुस्तिकेत आणि सरकारी राजपत्रात असते. मोहिमेचे पदकही काही कमी मोलाचे नाही, पण ते शौर्याचे म्हणून छापले आणि उद्या एखाद्या जाणत्या माणसाने चूक दाखवली, तर सगळ्याच पुस्तिकेवर शंका येते. वहीत तीन रकाने आखा : वर्ष, कागद काय सांगतो, घरचे काय सांगतात. दुसऱ्या-तिसऱ्यात मेळ नसेल तर दोन्ही ठेवा.

तारखांसाठी छातीवरच्या फिती मोजा. एक फीत असलेला फोटो तीन असलेल्याच्या आधीचा. बाहीवरच्या हुद्द्याच्या खुणा सेवापुस्तिकेतल्या बढतीच्या तारखांशी ताडून पाहा. फिती सहसा डाव्या छातीवर असतात; त्या उजवीकडे दिसल्या तर कोटाची बटणे बघा : पुरुषांच्या कोटाचा डावा पदर सहसा वर येतो. तोही उलटा दिसत असेल, तर फोटो बहुधा निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेला आहे. स्कॅन आडवा उलटवून घ्या आणि मग पुन्हा मोजा.