वाचकांचे प्रश्न : ‘बिग’ अनुदानाचा अर्ज लिहिताना

प्रश्न : बोटाच्या नखाचा फोटो घेऊन हिमोग्लोबिन सांगणारे, मोबाइलला लावायचे उपकरण आम्ही तिघांनी बनवले आहे. बायरॅकच्या ‘बिग’ अनुदानासाठी अर्ज तयार केला, पण आमच्या मार्गदर्शकांनी ‘टप्पे फार मोघम आहेत’ म्हणून मसुदा परत दिला. टप्पे नेमके कसे लिहायचे?

उत्तर : आधी हे पैसे कशाचे आहेत ते पक्के करा. बायरॅक ही केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्ये उभी केलेली ना-नफा कंपनी आहे. तिची बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट, म्हणजे ‘बिग’, १८ महिन्यांपर्यंतच्या कामाला ५० लाख रुपयांपर्यंत देते. हा पैसा कल्पना चालते की नाही हे दाखवण्यासाठी आहे, उत्पादन बाजारात आणण्यासाठी नाही. म्हणून अर्जाच्या मुळाशी एकच प्रश्न हवा आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे येण्याचीही शक्यता हवी. ‘ॲल्गोरिदम विकसित करणे’, ‘प्रोटोटाइप सुधारणे’ हे टप्पे नव्हेत, कारण ती कामे कधी संपली हे कोणालाच सांगता येत नाही.

तुमचा प्रश्न असा मांडता येईल : शिरेतून काढलेल्या रक्ताच्या स्वयंचलित ॲनालायझरवरील आकड्याशी आमचा आकडा आधी ठरवलेल्या मर्यादेत जुळतो का? तुलनेसाठी बोट टोचून घेतलेले रक्त वापरू नका. बोट पिळले की ऊतींतला द्रव मिसळतो आणि रक्त पातळ होते, मग चूक तुमच्या उपकरणाची की नमुन्याची हे कळत नाही. फोटो आणि रक्त एकाच बैठकीत घ्या.

आता संख्या. केवळ सहसंबंध गुणांक (दोन आकडे एकत्र किती चढउतार करतात त्याचे माप) देऊ नका. दोन पद्धती एकाच दिशेने चढउतार करत असल्या तरी त्यांच्यात कायम दोन ग्रॅमचा फरक असू शकतो. ब्लँड-आल्टमन या दोन मोजमापांची तुलना करणाऱ्या पद्धतीने फरकाच्या मर्यादा काढा, म्हणजे बहुतेक फरक ज्या दोन आकड्यांच्या मध्ये पडतात ते आकडे. समजा दोन आकड्यांतील फरकाचे प्रमाण विचलन (फरक सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) प्रति डेसिलिटर ०.८ ग्रॅम आले. मग मर्यादा सरासरी फरकाच्या दोन्ही बाजूंना साधारण १.६ ग्रॅमवर पडतात. या मर्यादांतली अनिश्चितता ३० जोड्यांमध्ये (जोडी म्हणजे एका व्यक्तीचे दोन्ही पद्धतींचे आकडे) सुमारे अर्धा ग्रॅम असते, १०० जोड्यांमध्ये ती पाव ग्रॅमच्या आसपास येते. म्हणून ‘३० जणांवर चाचणी’ वाचताच जाणकार परीक्षक थांबतात.

त्याहून मोठी चूक म्हणजे सगळे नमुने धडधाकट विद्यार्थ्यांचे घेणे. गरोदर स्त्रीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ॲनिमियाची (रक्तक्षयाची) रेषा ११ ग्रॅम आहे (दुसऱ्या तिमाहीत १०.५), ७ च्या खाली तीव्र ॲनिमिया. तुमच्या गटात ७ ते ९ मधले लोकच नसतील, तर जिथे उपकरणाची खरी गरज आहे तिथे ते कसे वागते हे तुम्हाला माहीतच होणार नाही. गट पाडून भरती करा : इतके ८ च्या खालचे, इतके ८ ते ११, इतके ११ च्या वरचे.

मग टप्पा असा दिसेल : ‘प्रकल्पाचा सहावा महिना : एकाच व्यक्तीचे सलग पाच फोटो घेतल्यास आकड्यांतील प्रमाण विचलन ०.५ ग्रॅमपेक्षा कमी. तसे न झाल्यास प्रकाशयोजना बदलून पुन्हा चाचणी.’ एकाच व्यक्तीचा आकडा पुन्हा पुन्हा तोच येतो का, हे तपासण्याची ही पायरी आधी ठेवाच. इथे गडबड बहुधा कॅमेऱ्याची असते : फोन स्वतःहून रंगसंतुलन आणि एक्स्पोजर बदलतो. दोन्ही लॉक करा, बाहेरचा प्रकाश टोपीने अडवा. थंड बोटात रक्तप्रवाह कमी असतो, म्हणून हात आधी कोमट करून घ्या. मेंदी किंवा नेलपॉलिश लावलेली नखे वगळण्याची अट कार्यपद्धतीतच लिहा, नाहीतर लग्नसराईत गोळा केलेला डेटा वाया जाईल.

प्रश्न : एथिक्स कमिटीची मंजुरी अनुदान मिळाल्यावर घेतली तर चालेल का? आणि केंद्रीय औषध नियंत्रकांकडेही जावे लागते का?

उत्तर : एथिक्स कमिटी म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी समिती. तिची मंजुरी नंतर मागितली तर तुमच्या १८ महिन्यांतले कित्येक महिने कागदांत जातात आणि पगार मात्र चालू राहतात. रुग्णालयातील सहसंशोधक, संमतिपत्राचा मराठी मसुदा आणि कार्यपद्धती अर्जाच्या आधीच तयार ठेवा, शक्य असेल तर कमिटीकडे दाखलही करा. लॅबमध्ये उरलेले रक्त वापरणार असाल तरी कमिटीकडे जावेच लागते, ‘कोणाला टोचले नाही’ हे कारण पुरत नाही.

वैद्यकीय उपकरण नियम २०१७ नुसार चाचणीपुरते उपकरण बनवण्यासाठी एमडी-१२ या फॉर्ममध्ये अर्ज करून एमडी-१३ फॉर्ममधला परवाना घेतात. हे फॉर्म केंद्रीय औषध नियंत्रकांकडे जातात. माणसांवरील क्लिनिकल तपासणीसाठी अर्ज एमडी-२२ मध्ये. रक्त-लघवीच्या नमुन्यावर शरीराबाहेर चालणाऱ्या नव्या किटचा मार्ग वेगळा, एमडी-२४ चा. तुमचे उपकरण कोणत्या रांगेत बसते हे अर्जात एका ओळीत लिहा. ती ओळ नसली की हा गट कधी बाजारात पोहोचणार, अशी शंका परीक्षकांना येते. चाचणीची नोंद सीटीआरआयवर, म्हणजे देशातील क्लिनिकल चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत, पहिली व्यक्ती घेण्याआधी करा.

प्रश्न : मी फार्मसी महाविद्यालयात शिकवते. कंपनी अजून नाही. अर्ज करू शकते का?

उत्तर : व्यक्ती म्हणूनही अर्ज करता येतो, पण चालू प्रयोगशाळा असलेल्या इनक्युबेटरशी (नव्या उद्योगांना जागा, यंत्रे आणि मार्गदर्शन देणाऱ्या केंद्राशी) तुम्ही जोडलेल्या असायला हव्यात. पुण्यात व्हेंचर सेंटर, मुंबईत आयआयटीचे ‘साइन’ हे पर्याय आहेत. कंपनी असल्यास ती पाच वर्षांहून जुनी नको आणि किमान ५१ टक्के मालकी भारतीयांची हवी. महाविद्यालयाचे ना-हरकत पत्र लागेल. त्यातच शोधाची मालकी कोणाची हेही लिहून घ्या. महाविद्यालयाची यंत्रे वापरून झालेल्या कामावर संस्था पुढे हक्क सांगू शकते, आणि गुंतवणूकदार पहिला हाच कागद मागतो.

प्रश्न : हळदीपासून जखमेवरचे जेल बनवले आहे. पेटंट घेऊन मग अर्ज करावा का?

उत्तर : ‘हळद जखम भरते’ यावर पेटंट मिळणार नाही. पारंपरिक ज्ञान पेटंट कायद्याच्या कलम ३(पी) मुळे बाहेर पडते. अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले असेच पेटंट सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन संस्थेने आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतले. जेलची रचना, कर्क्युमिन (हळदीतला मुख्य गुणकारी घटक) पाण्यात न विरघळण्यावर काढलेला तोडगा, ते हळूहळू सोडण्याची पद्धत यांत नवे काही असेल तर दावा त्याचा करा. तात्पुरते विनिर्देश (शोधाचे प्राथमिक वर्णन) पेटंट कार्यालयात आधी दाखल करा, पूर्ण विनिर्देशासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात. तात्पुरते विनिर्देश दाखल होण्याआधी पोस्टर लावू नका, स्पर्धेत सादरीकरणही नको. वनस्पती भारतातली असल्याने राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रियाही करावी लागेल.

प्रश्न : अंदाजपत्रकात काय चुकते?

उत्तर : बहुतेकदा यंत्र. वर्षातून दहा दिवस लागणाऱ्या उपकरणावर १५ लाख दाखवले की प्रश्न येतोच. ते इनक्युबेटरमध्ये तासांवर वापरा आणि पैसा नमुने, अभिकर्मके (चाचणीची रसायने), माणसे यांच्याकडे वळवा. कोटेशन जीएसटी, वाहतूक आणि आयात असल्यास सीमाशुल्क धरून घ्या. अनुदानासाठी वेगळे बँक खाते ठेवा, त्यावरच्या व्याजाचाही हिशेब द्यावा लागतो. पैसे हप्त्यांनी येतात आणि पुढचा हप्ता टप्प्याच्या अहवालावर व सीएने सही केलेल्या खर्चाच्या विवरणावर सुटतो. दोन्ही कागद मुदतीच्या महिनाभर आधीच करायला घ्या आणि दोन हप्त्यांमधल्या पगारांसाठी किमान तीन महिन्यांची रक्कम स्वतःच्या खात्यात बाजूला ठेवा.