वाचकांचे प्रश्न : लग्न लावण्याचे काम हाती घेताना

प्रश्न : मैत्रिणीचे लग्न गेल्या हिवाळ्यात मी लावले. दोघांना गुरुजी नको होते. त्यांनी स्वतः लिहिलेल्या प्रतिज्ञा म्हटल्या, हार घातले, सूत्रे मी सांभाळली. आता ओळखीतले आणखी दोघे विचारत आहेत. हे काम व्यवसाय म्हणून करायला परवाना लागतो का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : लागत नाही. आपल्याकडे असा परवानाच नाही. ऑस्ट्रेलियात १९७३ पासून सरकार अशा व्यक्तींची नेमणूक करते आणि त्यांनी लावलेले लग्न कायद्याने लग्न ठरते. इंटरनेटवर दिसणारे बरेचसे मार्गदर्शन अशा देशांतले असते, ते इथे लागू पडत नाही. ख्रिस्ती आणि पारशी लग्ने सोडली, तर आपला कायदा लग्न कोणी लावले हे पाहत नाही. कोणता विधी झाला, किंवा विवाह अधिकाऱ्यासमोर काय झाले, हे पाहतो. म्हणून जोडपे भेटायला आले की तारीख आणि सजावटीच्या आधी एकच विचारा : कायद्याने लग्न कुठे होणार आहे?

दोघेही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर हिंदू विवाह कायदा १९५५ लागू होतो. त्याच्या कलम ७ नुसार वर किंवा वधू, कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाला तरी चालतो. त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडले की लग्न पूर्ण होते. पण रूढीतला विधीच झाला नाही आणि नुसते हार घातले, तर पुढे अडचण येते. भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्येच सांगितले की आवश्यक विधी झाल्याशिवाय कायद्याच्या दृष्टीने लग्न लागत नाही. विधी न करता मिळवलेल्या नोंदणीच्या दाखल्यानेही लग्न सिद्ध होत नाही, हे त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. स्वतः लिहिलेल्या प्रतिज्ञांना कायद्याने मान्यता देणारी वेगळी दुरुस्ती तमिळनाडूने केली आहे. महाराष्ट्रात ती नाही.

दोघांचे धर्म वेगळे असतील किंवा कोणताच विधी नको असेल, तर विशेष विवाह कायदा १९५४. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे. नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावे लागते आणि नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत लग्न उरकावे लागते, नाही तर पुन्हा नोटीस. तीन साक्षीदार लागतात. इथे लग्न विवाह अधिकाऱ्यासमोर लागते, तुमचा सोहळा त्यानंतर कधीही ठेवा. सोहळ्यात तुम्ही काय म्हणायचे याला मग कसलेच बंधन उरत नाही, आणि नव्याने हे काम करणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

तुमच्या मैत्रिणीने आधी विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी विवाह केला असेल तर प्रश्न मिटला. केला नसेल तर आजच तिला फोन करून सांगा. वारसा किंवा पोटगीचा विषय निघेपर्यंत हे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

वयाचे पुरावे स्वतः पाहा. मुलगी १८, मुलगा २१. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ च्या कलम १० नुसार असे लग्न लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला मागताना संकोच करू नका. आधी लग्न झालेले असेल तर घटस्फोटाच्या निकालाची प्रत बघा, अपिलाची मुदत संपली की नाही तेही विचारा. महाराष्ट्रात लग्नाची नोंदणी ९० दिवसांत करायची असते. विवाहाच्या ज्ञापनावर, म्हणजे नोंदणीच्या अर्जावर, पुरोहित म्हणून तुमची सही मागितली, तर जो विधी खरोखर झाला त्यासाठीच करा.

आणखी एक. बौद्ध पद्धतीने लग्न लावायचे तर त्रिसरण, पंचशील आणि मंगलगाथा नीट म्हणणारे प्रशिक्षित बौद्धाचार्य नागपुरात वस्त्यावस्त्यांत आहेत, त्यांच्याकडून शिका. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा सहसा लागू होत नाही, त्यांची स्वतःची रूढी चालते. गोंड कुटुंबात भुमकाचे, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याचे, काम आपण अंगावर घेऊ नये.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे, संस्कृत शाळेपुरते येते. बायकांनी लग्न लावलेले चालते का? तयारी कशी करू?
– एक वाचक, नंदनवन

उत्तर : कायद्याची आडकाठी नाही. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने अनेक वर्षांपासून महिलांना पौरोहित्य शिकवले आहे. ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्न लावण्याची वाट तर जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ मध्येच घालून दिली. तेव्हा नातेवाइकांपैकी कोणी कुरकुर केली तर शांतपणे सांगता येईल असे बरेच काही आहे.

दहा पद्धती अर्ध्या शिकण्यापेक्षा एक पूर्ण शिका. अंतरपाट, मंगलाष्टके, पाणिग्रहण, लाजाहोम (लाह्यांची आहुती), सप्तपदी, एवढ्यावर हात बसू द्या. मंगलाष्टके बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. ओळीत १९ अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. तिथे श्वास घेतला तर दम लागत नाही, भलतीकडे घेतला तर शब्द तुटतो. आठ मंगलाष्टकांना सुमारे आठ मिनिटे धरा आणि मुहूर्तापासून उलटे मोजून सुरुवात करा. ऐनवेळी मावशी आणि आत्या स्वतः रचलेली मंगलाष्टके घेऊन उभ्या राहतात. ती किती आहेत हे आदल्या दिवशीच विचारा, तेवढी तुमची कमी करा.

सप्तपदीला मूठमूठ तांदळाचे सात ढीग, एकेक फुटावर. नवरीचा शालू जड असतो, त्याहून लांब पाऊल पडत नाही. उपरणे आणि पदराच्या गाठीत हातभर सैल कापड सोडा, नाही तर नवरदेव पुढे जातो आणि पदराची पिन तुटते. पावलांचा क्रम अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि सातवे सख्य. प्रत्येक पावलाला संस्कृत मंत्र आणि मराठीत एक वाक्य पुरे. वाक्य लांबले की मांडवातले लोक जेवणाच्या दिशेने सरकू लागतात. फोटोग्राफरला ढिगांच्या समोर नव्हे, बाजूला उभे राहायला सांगा. मजकूर कागदावर मोठ्या अक्षरात छापून पुठ्ठ्याला लावा. मोबाइलवरून वाचू नका, ऐन मंत्रात फोन येतो.

प्रश्न : मे महिन्यात लॉनवर लग्न आहे. होम करावा का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : करा, पण लहान. बाहेर ऊन, त्यात संध्याकाळी वावटळ. मुहूर्त गोरजाचा असला तरी कुंड वाऱ्याच्या आडोशाला, मांडवाच्या झालरीपासून दूर ठेवा. तळाला दोन बोटे वाळू पसरा म्हणजे गालिचा जळत नाही. धूर जास्त होतो तो ओल्या समिधांमुळे. आंब्याच्या वाळलेल्या काड्या, गोवरीचे तुकडे आणि थोडा कापूर आणा, तूप पळीनेच घाला. साळीच्या लाह्या पाव किलो पुरतात. पाण्याची बादली आणि वाळूचे घमेले हाताशी हवेच. नवरीच्या ओढणीचे टोक एका करवलीकडे सोपवा. वातानुकूलित सभागृह असेल तर धुराचा भोंगा वाजेल का हे व्यवस्थापकाला आधी विचारा.

माइक हातातला घ्या. कॉलरचा माइक हारांत घासतो आणि सगळीकडे खरखर ऐकू येते. जास्तीचे सेल खिशात ठेवा. वरात उशिरा आली तर कोणता भाग गाळायचा हे जोडप्याशी आधीच ठरवा आणि लिहून घ्या. सप्तपदी गाळायची नाही.