रविवारचं सेशन आणि सलग तिसरी नाईट

या वेळी दवाखान्यात काम करणाऱ्यांचीच पत्रं जास्त आलीत. तीन घेतलीत, नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : मी सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात वॉर्डची इन्चार्ज झालेय, त्याआधी तिथंच स्टाफ होते. मी इन्चार्ज झाल्यापासून दोन मुलींनी राजीनामा दिला. मॅनेजमेंटनं स्ट्रेस मॅनेजमेंटचं सेशन ठेवलं, तेही रविवारी सकाळी, तर नाईट करून आलेल्या पोरी खुर्चीतच झोपल्या आणि बोलणी मला बसली की तुमच्या स्टाफला इंटरेस्ट नाही. आधी माझ्यासाठी चहा राखून ठेवणाऱ्या मैत्रिणी आता मी आले की गप्प होतात. मला हे जमणार नाही का? — एक सिस्टर, होटगी रोड

उत्तर : काय ओ ताई, झोपल्या ते बरंच झालं की, तेवढीच विश्रांती. नाईट संपवून आलेल्या माणसाला "दीर्घ श्वास घ्या" म्हटल्यावर तो झोपणारच, त्यात इंटरेस्टचा काय संबंध.

तुम्हाला जमणार नाही असं मला तरी वाटत नाही, पण तुमच्या हातात नक्की काय आहे ते आधी बघू. डब्ल्यूएचओनं २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआऊटची व्याख्या दिली, ती आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला गेला नाही की जे होतं ते, अशी. त्यात तीन गोष्टी येतात, अंगातलं त्राण जाणं, कामाबद्दल मन विटणं किंवा तुटल्यासारखं होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. वॉर्डात दुसरी गोष्ट लवकर दिसते. "सात नंबरचे आजोबा" म्हणणारी मुलगी नुसतं "सात नंबर" म्हणायला लागते, बेल वाजली तरी मान वर करत नाही, आणि आपण म्हणतो हिला माज आलाय. माज नसतो तो बऱ्याचदा.

आता व्याख्येतच कामाचं ठिकाण आहे म्हटल्यावर औषध पण तिथंच शोधायला पाहिजे, म्हणून म्हणते ड्युटी लिस्ट काढा समोर. पेन्सिलनं लिहिलेली, खोडून खोडून कागद विरलेला आणि शनिवारी रात्री व्हॉट्सअॅपवर पडणारी असेल तर पहिलं काम ते. निदान दोन आठवड्यांची लिस्ट आधी लागू द्या, म्हणजे अक्कलकोटहून एसटीनं येणाऱ्या मुलीला घरचं काही ठरवता येईल. पाळ्या बदलताना मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाईट अशा पुढं सरकवा, उलट्या फिरवल्या की शरीराला जास्त जड जातं. इव्हिनिंग करून रात्री उशिरा घरी गेलेलीला दुसऱ्या दिवशी मॉर्निंग लावू नका, सलग नाईट लावल्या तर त्यानंतरचा ऑफ हा ऑफच राहू द्या, त्यात सेशन नको, मीटिंग नको, "जरा येऊन जा" तर अजिबातच नको. सणाचं म्हणाल तर आपल्याकडं पाडवा आणि उगादी एकाच दिवशी, त्यात कधी ईद जवळ, जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, सगळ्यांनाच सुट्टी पाहिजे असते. मागच्या वर्षी सणाला कोण ड्युटीला होतं ते एका वहीत लिहून ठेवा आणि ती वही सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. निम्मी कुजबुज तिथंच थांबते, कारण राग कामापेक्षा "तिला कशी मिळाली" याचा जास्त असतो.

डब्याचं पण बघा. चार वाजता शेंगाचटणी-भाकरीचा डबा उघडायचा, एक घास घेतला की बेल, परत झाकण, असं रोज होत असेल तर दोघी-दोघींच्या जोड्या लावा, एक जेवत असताना दुसरी तिचे पेशंट बघेल. नाईटला वीसेक मिनिटांची डुलकी चोरून नाही, तर सांगून घेऊ द्या, फक्त उठल्या उठल्या इन्सुलिनचा डोस काढायला लावू नका, थोडा वेळ डोकं जड असतं.

पेशंट गेला की काय करता? सीपीआर थांबतो, मावशी पडदे ओढतात, क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची ढकलगाडी, परत भरायची असते आणि पुढच्या बेडचं आयव्ही संपलेलं असतं, म्हणजे कुणी कुणाशी बोलतच नाही. तिथंच पाच मिनिटं उभं राहून विचारा, काय झालं, काय बरं जमलं, पुढच्या वेळी काय हाताशी पाहिजे, आणि आत्ता कुणाला बाहेर जाऊन चहा घ्यायचाय का. एवढंच. लगेच सगळ्यांना गोलात बसवून "मनातलं बोला" अशी सक्ती करू नका. धक्क्यानंतर एकदाच बसवून असं जबरदस्तीनं उकरून काढल्यानं फायदा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, काहींना त्रासच वाढलेला दिसलाय. ज्याला बोलायचं तो बोलेल, तुम्ही तिथं असा म्हणजे झालं.

मैत्रिणी गप्प होतात ते होणारच ताई, ड्युटी लिस्ट तुमच्या हातात गेलीय. पूर्वीसारखं होण्याची वाट बघू नका. पण पेशंटच्या नातेवाइकांसमोर एखादे कन्सल्टंट तुमच्या मुलीवर ओरडले तर "सर, हे आपण आत बोलू" एवढं वाक्य तुम्ही म्हणालात ना, की वर्षभराच्या सेशननं होणार नाही ते होईल. चूक तिची असली तरी म्हणा, चुकीचं नंतर आत बघता येतं.

मॅनेजमेंटकडं जाताना "स्टाफ दमलाय" असं नुसतं बोलून उपयोग नाही, कागद न्या. किती ऑफ पेंडिंग, महिन्यात किती डबल ड्युट्या, किती सिक लीव्ह, दोघी गेल्यावर नवीन मुली तयार करायला किती वेळ गेला. योगा, ध्यान याला माझा विरोध नाहीये, मी स्वतः करते, पण ते ड्युटीच्या वेळात ठेवा आणि सलग तिसरी नाईट काढून टाकल्यावर ठेवा.

प्रश्न : सरकारी कॉलेजात मेडिसिनला फर्स्ट इयर रेसिडेंट, म्हणजे पुढचं शिकता शिकता ड्युटी करणारा डॉक्टर आहे. इमर्जन्सीच्या दिवशी सलग तीस-छत्तीस तास होतात. परवा जुळे सोलापूरला घरी जाताना सिग्नलला गाडीवरच डोळा लागला. सीनियर म्हणतात आम्ही पण हेच केलं, एक सर तर म्हणाले, कोटणीसांच्या गावात शिकता आणि झोपेचं काय घेऊन बसता. आजकाल कशातच मन लागत नाही, घरी बोलायला भीती वाटते. मी कमजोर आहे का? — एक रेसिडेंट

उत्तर : अरे, माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करते. कमजोर वगैरे काही नाहीस, न झोपलेला आहेस. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाएवढी उतरते, असं १९९७ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलंय. आपल्याकडं गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ आहे. तू तर त्या सतरा तासांच्या दुप्पट जागून गाडी काढतोस. आजपासून इमर्जन्सी संपली की ड्युटी रूममध्ये तासभर झोपूनच निघ, नाहीतर रिक्षा कर, गाडी राहू दे पार्किंगमध्ये.

कोटणीसांचं म्हणशील तर आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते युद्धातल्या जखमींसाठी, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले तेव्हा जेमतेम बत्तीस वर्षांचे होते. आपल्याला अभिमान आहेच, असायलाच पाहिजे. पण कॅज्युअल्टीच्या रोस्टरला माणसं कमी पडतात म्हणून त्यांचं नाव पुढं करायचं हे मला पटत नाही. रेसिडेंट डॉक्टरांसाठीच्या १९९२ च्या केंद्राच्या रेसिडेन्सी स्कीममध्ये आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि एका वेळी बारा तासांपेक्षा जास्त नाही असं लिहिलेलं होतं. २०२४ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनच्या टास्क फोर्सनं आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांच्या वर नको अशी शिफारस केली. "आम्ही पण केलं" म्हणणाऱ्या सीनियरशी वाद घालत बसू नकोस, बॅचमधले चौघे मिळून एक महिन्याचे तास लिहून काढा आणि ते विभागप्रमुखांना, एचओडींना द्या, एकट्यानं जाऊ नकोस.

आणि मन लागत नाही म्हणतोस ते नुसत्या झोपेवर सोडू नकोस. दोन चांगल्या झोपा झाल्यावरही तसंच वाटत असेल, दोन आठवडे होऊन गेले असतील, किंवा जगण्याचाच कंटाळा असा विचार एकदा जरी आला असेल, तर आजच बोल. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. आपल्याच कॉलेजातल्या सायकिॲट्रीच्या मॅडमकडं जायला लाज वाटत असेल तर बाहेरच्या सायकिॲट्रिस्टकडं जा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुझी माहिती गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. आईला मात्र सांग रे, तिला कळलेलंच असतं बहुतेक.

प्रश्न : आमचं तालुक्याच्या गावी छोटं हॉस्पिटल आहे. पेशंट दगावल्यावर नातेवाइकांनी तोडफोड केली, ब्रदरला (पुरुष नर्सला) मारहाण झाली. आता स्टाफ सिरीयस पेशंट घ्यायला घाबरतोय. काय करावं? — एक डॉक्टर दांपत्य

उत्तर : डॉक्टर, दवाखान्यावरच्या आणि स्टाफवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० चा महाराष्ट्राचा कायदा आहे, अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड, नुकसानीची भरपाई वेगळी. त्याची पाटी लावलीच असेल तुम्ही. पण तक्रार ब्रदरला एकट्याला करायला लावलीत का? केंद्राच्या हॉस्पिटलांना ऑगस्ट २०२४ मध्ये सूचना गेली की हल्ला झाला तर सहा तासांच्या आत एफआयआर संस्थाप्रमुखानं करायचा. तुम्हाला ती लागू नसेल, पण पद्धत म्हणून तीच उचला, पोलिस स्टेशनला तुम्ही स्वतः जा, त्याला दवाखान्याचा खर्च आणि पगारी सुट्टी द्या, आणि सगळ्या स्टाफला कळू द्या की तुम्ही गेला होता.

बाकी सिरीयस पेशंटच्या घरच्यांशी दिवसातून दोन-तीनदा ठरलेल्या वेळी, एकाच माणसानं बोलायचं, आणि "बघू, प्रयत्न चालू आहेत" असं नाही, तर "रात्र कठीण आहे" असं स्पष्ट. कर्नाटकातल्या इंडीकडून आलेल्या म्हाताऱ्याला मराठीत सांगून काही कळत नाही, कन्नड बोलणारं कुणीतरी स्टाफमध्ये असतंच आपल्याकडं, त्याला बोलवा. आणि ब्रदर परत आला की पहिले काही दिवस त्याला रात्री एकट्याला कॅज्युअल्टीला लावू नका.